पडदे रंगवणारे दामलेमामा चाळिशीत आवाजाचं तंत्र शिकले आणि ‘प्रभात’ बोलायला लागली

समजा, अक्कलकोटच्या एका कॉलेजच्या पोराने लघुपट केलाय. शूटिंग वटवृक्ष मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत, कॅमेरा म्हणजे मित्राचा मोबाइल आणि नट म्हणजे वर्गातलीच पोरं. आठवडाभर लॅपटॉपला चिकटून त्याने चित्रांचं संकलन पूर्ण केलं. दहा मिनिटांची गोष्ट नीट लागली. मग त्याने हेडफोन कानाला लावले आणि डोक्याला हात लावला.

नायिका बोलतेय तिथे मागून रिक्षाचा हॉर्न येतोय. दुसऱ्या शॉटमध्ये भक्तांची गर्दी आहे, कुणी मराठीत बोलतंय, कुणी कानडीत. तिसऱ्या शॉटमध्ये एकदम शांतता. चित्र एका संध्याकाळचं वाटतं, पण आवाज तीन वेगवेगळ्या दिवसांचे आहेत हे कुणालाही कळतं.

लघुपट करणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडकतो. चित्र झालं म्हणजे सिनेमा झाला असं वाटतं, आणि आवाजाकडे वळल्यावर अर्धं काम बाकी आहे हे लक्षात येतं.

१९३१ साली कोल्हापुरातली एक अख्खी फिल्म कंपनी अशीच अडकली होती. फरक एवढाच की त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, शिकवणारे व्हिडिओ नव्हते आणि केलेला आवाज लगेच परत ऐकायची सोयसुद्धा नव्हती. त्या कंपनीला ज्या माणसाने बोलतं केलं, त्याचं नाव विष्णुपंत गोविंद दामले.

पेणचा मुलगा, कोल्हापूरची शाळा

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, रायगड जिल्ह्यातल्या पेणचा. पण त्यांची खरी शाळा कोल्हापूर. तिथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोन मिस्त्री बंधू नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता असे मोठाले पडदे. या दोघांच्या हाताखाली विष्णुपंत तयार झाले. तिथेच त्यांना आयुष्यभराचा जोडीदार भेटला, कागलचे शेख फत्तेलाल. पुढे सगळं कोल्हापूर आणि पुणं या जोडीला दामलेमामा आणि साहेबमामा म्हणून ओळखायला लागलं.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि पेंटर बंधूंच्या डोक्यात सिनेमा शिरला. अडचण कॅमेऱ्याची होती. परदेशातून मागवायला पैसा नाही आणि वर पहिल्या महायुद्धाचे दिवस. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही. प्रोजेक्टर कसा चालतो ते बघून त्यांनी कॅमेरा इथेच घडवायचा ठरवला. भाग कातायचे, बसवायचे, बिघडले की पुन्हा कातायचे. या खटाटोपात दामले त्यांच्यासोबत होते.

तो कॅमेरा चालला. त्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली तिचा ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला.

या कंपनीत कुणी एकच काम करत नसे. सेट उभारा, कॅमेरा चालवा, फिल्म धुवा, वाळवा, कापा, जोडा, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभे राहा. दामले हे सगळं शिकले. १९२८ साली त्यांनी आणि फत्तेलालांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शितही केला.

म्हणजे पस्तिशी ओलांडेपर्यंत दामल्यांना चित्राचं सगळं येत होतं. आवाजाचं काहीच येत नव्हतं, कारण सिनेमात आवाज नव्हताच.

‘प्रभात’ सुरू झाली आणि दोन वर्षांत खेळच बदलला

१ जून १९२९ ला पाच जणांनी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवल घालणारे सीताराम कुलकर्णी. ‘गोपालकृष्ण’ या मूकपटाने सुरुवात झाली, पाठोपाठ आणखी मूकपट आले. गाडी रुळावर लागली असं वाटत होतं.

आणि १४ मार्च १९३१ ला मुंबईत अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. पडद्यावरची माणसं बोलायला आणि गायला लागली.

बोलपट ही चार दिवसांची हवा आहे, ओसरेल, असं म्हणणारे तेव्हा देशभर होते. पण हवा ओसरली नाही. मूकपट करणाऱ्या कंपन्यांपुढे दोनच वाटा राहिल्या. एक तर आवाज शिका, नाही तर दुकान बंद करा.

प्रभातच्या पाचही भागीदारांचा सगळा अनुभव मूकपटाचा होता. आवाजाची यंत्रं आणता येतील, पण चालवणार कोण? ही जबाबदारी दामल्यांनी उचलली. तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. ज्या वयात माणूस आपल्या हातातल्या कलेवर निवांत जगतो, त्या वयात ते पुन्हा विद्यार्थी झाले.

तेव्हा आवाज धरणं म्हणजे नेमकं काय होतं?

हे काम किती अवघड होतं ते आज पटकन लक्षात येत नाही.

मूकपटाच्या सेटवर भरपूर गोंगाट चालायचा. शॉट चालू असताना दिग्दर्शक मोठ्याने सूचना देऊ शकायचा, कारण यातलं काहीच फिल्मवर उमटत नसे. कॅमेरा हाताने फिरवला जायचा. वेग थोडा कमीजास्त झाला तरी फारसं बिघडत नसे.

आवाज आला आणि हे सगळं बंद झालं. कॅमेरा आता मोटरवर, सेकंदाला बरोबर २४ चित्रं या वेगानेच चालला पाहिजे. वेग हलला तर आवाज जाडाबारडा किंवा चिरका होणार. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाणार, म्हणून त्याला पेटीत बंद करायचं. नटाने मान वळवली की आवाज पडणार, म्हणून माइक कुठे लपवायचा ते आधी ठरवायचं.

आवाज नोंदवला जायचा तो उजेडाने. माइकमधल्या आवाजाची वीज व्हायची, विजेच्या चढउताराप्रमाणे उजेड कमीजास्त व्हायचा आणि तो फिल्मच्या पट्टीवर छापला जायचा. म्हणजे आवाजाचाही फोटोच. आणि फोटो म्हटलं की धुणं, वाळवणं, प्रिंट काढणं आलं. घेतलेला आवाज बरा आलाय की फसलाय ते तिथल्या तिथे कळायचं नाही. तोवर नट घरी गेलेले आणि कदाचित सेटही मोडलेला.

म्हणून ध्वनिमुद्रकाचा कान हीच खरी कसोटी होती. संवाद चालू असताना त्याने ऐकून ठरवायचं, हा टेक चालेल की पुन्हा घ्यायचा.

संकलनाचीही तऱ्हा बदलली. आता चित्राची एक पट्टी आणि आवाजाची दुसरी. दोन्ही जुळवायच्या कशा? शॉटच्या सुरुवातीला पाटी आपटायची. पाटी मिटलेली दिसते ते चित्र आणि टाळीचा खटका ऐकू येतो ती जागा, या दोन खुणा समोरासमोर आणल्या की पुढचं सगळं जुळतं. आज मोबाइलवर शूटिंग करणारी पोरं कॅमेऱ्यासमोर हाताने टाळी वाजवतात ती याच कारणासाठी.

आवाजाची पट्टी कापून जोडली की जोडावर ‘टक’ असा आवाज यायचा. तो मारायला त्या जागी काळ्या शाईचा छोटासा तिरका पट्टा ओढायचे. सगळं झाल्यावर चित्र आणि आवाज एकाच प्रिंटवर शेजारी शेजारी छापायचे. त्यातही गंमत अशी की प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसतं आणि आवाज वाचला जातो दुसऱ्या जागी. म्हणून ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज त्याच्या चित्रापेक्षा २० चित्रं पुढे छापावा लागतो. हा हिशोब चुकला तर आधी शब्द ऐकू येणार आणि मग ओठ हलणार, किंवा उलटं.

कॅमेऱ्याचे भाग कातण्यापासून शिकलेल्या दामल्यांना यंत्राची भीती नव्हती. ते उघडून बघायचं आणि समजून घ्यायचं ही कोल्हापूरची सवय इथे कामाला आली.

अयोध्येचा राजा बोलला, आणि तोही दोन भाषांत

प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या फेब्रुवारीत आला. गोष्ट हरिश्चंद्राचीच, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत. मराठी बोलपटाची सुरुवात या सिनेमापासून मोजतात.

कंपनीने तो मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत केला. आजच्यासारखं एक भाषा शूट करून दुसरी नंतर डब करायची सोय नव्हती. एक प्रसंग मराठीत चित्रित करायचा, मग तोच हिंदीत. म्हणजे दुप्पट शूटिंग, दुप्पट आवाज आणि दुप्पट संकलन. पहिल्याच प्रयत्नात हे धाडस करणं म्हणजे कंपनी पणाला लावणंच होतं.

गाण्यांची कथा आणखी वेगळी. आधी गाणं रेकॉर्ड करून मग त्यावर ओठ हलवायची पद्धत भारतात रुळायला १९३५ उजाडलं, आणि त्याची सुरुवात कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने केली. त्याआधी नटाने कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचं आणि वाजवणाऱ्यांनी जवळपास, पण कॅमेऱ्याला दिसणार नाही असं बसायचं. तबला जोरात झाला तर शब्द बुडायचे. नंतर मिक्सिंग करताना तबला खाली घेऊ, असं म्हणायची सोय नव्हती. जो तोल साधायचा तो सेटवर, त्याच क्षणी.

‘अयोध्येचा राजा’ चालला आणि प्रभात वाचली. १९३३ साली कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यात नवा स्टुडिओ थाटला. शूटिंगची मोठी दालनं, ध्वनिमुद्रण, प्रयोगशाळा, संकलन असं सगळं एकाच आवारात. शेजारच्या रस्त्याला आजही प्रभात रोड म्हणतात.

‘संत तुकाराम’ डोळे मिटून ऐकून बघा

आवाज सांभाळणारे दामले आणि कलादिग्दर्शन सांभाळणारे फत्तेलाल यांनी १९३६ साली मिळून एक बोलपट दिग्दर्शित केला. तो म्हणजे ‘संत तुकाराम’. कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं, संकलन ए. आर. शेख यांचं. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी.

सिनेमाची सुरुवातच बघण्यासारखी आहे. तुकाराम एकटे, साधेपणाने विठ्ठलाचं भजन गात असतात. तेवढ्यात दृश्य बदलतं आणि तेच शब्द सालोमालोच्या तोंडून ऐकू येतात. पण आता त्यात ठसका आहे, मुरका आहे, श्रोत्यांवर छाप पाडायची घाई आहे. सालोमालो दुसऱ्याचा अभंग आपल्या नावावर खपवतोय हे कुणी संवादातून सांगायची गरजच पडत नाही. एक कट आणि दोन आवाज. अर्ध्या मिनिटात नायक कळतो, खलनायक कळतो आणि त्यांच्यातलं भांडणही कळतं.

चित्राचं संकलन आणि आवाज एकमेकांचं काम कसं वाटून घेतात, याचं इतकं सोपं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

पुढेही तेच. जिजाईचा आवाज अस्सल घरातल्या बाईचा आहे. पोरांच्या पोटात काय घालायचं ही तिची चिंता, म्हशीवरची तिची माया, आणि पोर आजारी पडल्यावर पायातली वहाण काढून थेट विठोबाला जाब विचारायला जाणं. तुकाराम गाण्यात बोलतात आणि जिजाई रोखठोक बोलते. एका घरात हे दोन सूर सतत एकमेकांवर आदळत राहतात, म्हणून सिनेमा संतचरित्र असूनही संसाराची गोष्ट वाटतो.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. फिरत्या तंबूंतून तो गावोगाव पोहोचला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. एवढा मोठा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांपैकी तो एक.

आपलाच पहिला सिनेमा, या वेळी आवाजासह

पुढे १९३८ साली दामले-फत्तेलाल जोडीने ‘गोपालकृष्ण’ केला. नाव ओळखीचं वाटलं ना? प्रभातचा १९२९ सालचा पहिला मूकपट याच नावाचा. नऊ वर्षांत तीच कंपनी तीच गोष्ट पुन्हा सांगत होती, आणि या वेळी बासरी पडद्यावर दिसत होती तशी ऐकूही येत होती. त्यानंतर १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आला आणि १९४१ साली राजा नेने यांच्यासोबत ‘संत सखू’.

पण कंपनी आतून विस्कटत चालली होती. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ साली शांतारामही गेले. १९४४ चा ‘रामशास्त्री’ हा त्या पडत्या काळातला मोठा सिनेमा ठरला. ५ जुलै १९४५ ला विष्णुपंत दामले गेले. वय अवघं ५२. पुढच्या आठ-दहा वर्षांत प्रभातचं काम थांबलं आणि स्टुडिओ शांत झाला.

व्हेनिसच्या गौरवाचं मानचिन्हही मधल्या काळात हरवलं. अनेक वर्षांनी ते पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर चक्क कचऱ्यात सापडलं आणि २००४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आलं. आपल्याकडे मूकपटांच्या फिल्म तर त्याहून वाईट रीतीने गेल्या. बाबूराव पेंटरांच्या कंपनीत दामल्यांनी केलेल्या कामातलं आज बघायला जवळपास काही उरलेलं नाही. प्रभातचे बोलपट मात्र वाचले. त्यात दामल्यांच्या पुढच्या पिढीने ते जपण्यासाठी घेतलेल्या कष्टांचा वाटा मोठा आहे.

तिथे आता विद्यार्थी सिनेमा जोडतात

१९६० साली केंद्र सरकारने प्रभातच्या त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आज तिला आपण एफटीआयआय म्हणतो. प्रभातच्या दालनांत आता विद्यार्थी शूटिंग करतात. संकलन आणि ध्वनी हे तिथे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. जे दामले चाळिशीला टेकल्यावर यंत्र उघडून शिकले, ते त्यांच्याच आवारात विशीतली पोरं वर्गात बसून शिकतात.

त्या आवारात सगळ्यांना जाता येत नाही हेही खरं. पण सोलापूर जिल्ह्याला हे नवीन नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट विद्यार्थी असतानाच केला होता, पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये न जाता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता अक्कलकोटच्या त्या पोराकडे परत येऊ. दामल्यांच्या काळातलं जवळपास सगळं तंत्र बदललंय, पण कामाचा क्रम तोच आहे. आधी चित्र पक्कं करायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. कारण आवाज बसवल्यावर चित्रातला एक सेकंद जरी कापला, तरी त्याच्या पुढचं सगळं सरकतं. मग संवाद स्वच्छ करायचे. जिथे हॉर्नने वाक्यच खाल्लंय तिथे ते वाक्य शांत खोलीत पुन्हा बोलून घ्यायचं. ही चैन १९३२ साली नव्हती.

मग त्याच गल्लीत परत जायचं आणि कुणीही न बोलता दोन मिनिटं नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करायचा. तो सगळ्या शॉटच्या खाली एकसारखा अंथरला की तीन दिवसांची एक संध्याकाळ होते. त्या आवाजात मराठी आणि कानडी दोन्ही असू दे. अक्कलकोट तसंच ऐकू येतं.

शेवटी स्क्रीनकडे पाठ करून सगळा लघुपट एकदा नुसता ऐकायचा. जिथे गोष्ट कळेनाशी होते, तिथे काम बाकी आहे.

एवढं करून तो पोरगा पुन्हा टाइमलाइनवर बसतो. नायिकेचे ओठ आणि तिचा आवाज अजून किंचित चुकतोय. तो आवाजाची पट्टी दोन चित्रं मागे ओढतो आणि पुन्हा लावून बघतो. आता जुळलं.